पाइपची तंबाखू बरणीत कशी मुरवावी

सगळीच तंबाखू मुरत नाही. व्हर्जिनिया जातीच्या पानात साखर भरपूर, त्यामुळे खरी मुरते ती तीच. वर्षभरात फरक कळू लागतो, पाचेक वर्षांत जिभेला चावणं कमी होऊन गोडसरपणा येतो. सोबत पेरिक, म्हणजे दाबून आंबवलेली तंबाखू, असेल तर फारच छान. धुरावर वाळवलेल्या लटाकियाचा धुरकट वास काळाबरोबर उतरतो, बर्ली जातीची तंबाखू फारशी बदलत नाही. व्हॅनिला-चेरीवाल्या तंबाखूसाठी बरणी अडवू नका. ती मुरत नाही, वास तेवढा उडतो.

बरणी काचेची, घट्ट झाकणाची हवी. लोणच्याची जुनी बरणी नकोच: काच धुऊन निघते, झाकणाचं रबर हिंग-मोहरी सोडत नाही. अर्ध्या लिटरच्या बरणीत कातरलेली तंबाखू साधारण 100 ते 115 ग्रॅम बसते. एका मोठ्या बरणीपेक्षा चार लहान बरण्या बऱ्या, एक उघडली तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. बरण्या गरम पाण्याने धुऊन खडखडीत वाळवा.

बिघडतं ते बहुधा ओलीमुळे. चिमूटभर तंबाखू दाबून सोडा. हळूहळू मोकळी झाली तर भरायला तयार. गोळा तसाच राहिला तर कागदावर पसरा आणि दर पंधरा मिनिटांनी तपासा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात उघड्यावर ती वाळण्याऐवजी आणखी ओल धरते, तेव्हा एसीच्या खोलीत पसरा. कुरकुरत असेल तर बरणीत 65 टक्के आर्द्रता राखणारी पुडी काही दिवस ठेवा. पाणी शिंपडणं किंवा बटाट्याची फोड टाकणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

तंबाखू हलक्या हाताने दाबून भरा. आतली हवा पंपाने काढू नका, सुरुवातीला मुरायला तीच लागते. झाकणावर नाव आणि तारीख लिहा. बरणी अंधाऱ्या, थंड कपाटात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. माळा नको, उन्हाळ्यात स्लॅबखाली भट्टी होते. सीलबंद गोल डबे तसेच ठेवले तरी चालतात. चौकोनी डब्यांचं सील लवकर सुटतं, आणि समुद्राजवळ पत्र्याला गंज चढतो.

मधूनमधून उघडून हुंगू नका. पानांवर पांढरं दिसलं तर बॅटरीच्या उजेडात बघा: चकाकणारे कण असतील तर ते स्फटिक, खुशाल ओढा. कापसासारखी लव आणि कुबट वास असेल तर ती बुरशी. वरचा थर काढून भागत नाही, अख्खी बरणी फेका.