वर्गवाटपाच्या मीटिंगला जायच्या आधी

डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) करून राहिले असाल किंवा टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा काढून शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नंबर लागायची वाट पाहत असाल तर हे वाचा. कॉलेजात आम्हाला पाठ टाचण, फलकलेखन, बालमानसशास्त्र सगळं शिकवलं, पण शाळेत गेलं की पहिल्याच आठवड्यात वर्गवाटप होतं आणि तिथे तुम्ही काय शिकले यापेक्षा तुम्ही सर आहात का मॅडम हेच जास्त पाहिल्या जातं, हे कोणीच सांगितलं नव्हतं.

मी नागपूरचा, महाल भागातला. शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर, जिल्ह्यातल्याच एका पहिली ते आठवीच्या शाळेत लागलो. आपल्याकडे उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी भरते, तर त्याच्या दोनच दिवस आधी मीटिंग झाली आणि मी पहिली मागितली. मला लहान मुलांना वाचायला शिकवण्यातच रस आहे, टीईटीचा पेपर 1, पहिली ते पाचवीचा, मी त्याचसाठी दिला होता. मुख्याध्यापक म्हणाले, "पहिलीला मॅडमच पाहिजे सर, तुम्ही सातवी घ्या, पोट्टे तुम्हालाच भेतात." माझ्यासोबत लागलेल्या मॅडमचे दोन्ही पेपर पास होते, सहावी ते आठवीचा दुसरा पेपर गणित-विज्ञान घेऊन, त्यांना आठवीचं गणित हवं होतं. त्यांना पहिली दिली. दोघांचंही उलटं झालं आणि नवीन म्हणून दोघंही गप्प बसलो, ही चूक तुम्ही करू नका.

बाकीची कामं पण तशीच वाटल्या जातात. सहल, मैदान, पुस्तकांचे गठ्ठे उचलणं, दंगा करणाऱ्यांना धाक दाखवणं हे सरांकडे, आणि रांगोळी, पाहुण्यांचं औक्षण, स्वागतगीत, गॅदरिंगचे नाच हे मॅडमकडे. तीन जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घातला, 1848 साली अंगावर शेण झेलून शिकवायला जाणाऱ्या बाईबद्दल भाषणं झाली आणि त्याच दिवशी मॅडम आठवीचा गणिताचा तास मागत होत्या तर त्यांना रांगोळीला बसवलं. मला ते फार लागलं.

घरी वेगळंच असतं. मॅडमच्या घरचे म्हणतात, बरी आहे नोकरी, घर सांभाळून होते. माझ्यासाठी स्थळ पाहताना लोक विचारतात, तीन वर्षं 16,000 मानधनावर कसं करणार? म्हणजे कामाची किंमत दोन्हीकडून कमीच.

दुसऱ्या वर्षी आम्ही दोघांनी एप्रिलमध्येच लेखी अर्ज दिला, पास झालेले पेपर लिहून, आणि अदलाबदल झाली.

पहिल्या दिवशी एक लहानसा मुलगा सुटलेली नाडी घेऊन माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, बांधून द्या ना." अंगणवाडीत ताई, घरी आई-आजी, शिकवणारं माणूस म्हणजे बाईच एवढंच त्याला माहीत. मी खाली बसून नाडी बांधली, मग त्याला स्वतः बांधायला लावली, चार दिवस लागले. पुरुष पण प्रेमानं शिकवतो हे मुलांनी सहाव्या वर्षीच पाहिलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

पालकांची भीती मात्र हलक्यात घेऊ नका. 2024 ला बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचाराची घटना झाली, त्यानंतरच्या पालकसभेत एका आईनं सरळ विचारलं, "सर, पोरींना बाथरूमला कोण नेते?" प्रश्न बरोबरच होता, राग यायचं काही कारण नाही. मी सांगितलं की मदतनीस ताई नेतात, वर्गाचं दार उघडं असतं, कोणत्याच मुलाला मी एकट्याला थांबवत नाही, आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत जी सखी सावित्री समिती असते तिच्यात तुम्हीच या. त्या आल्या, आता दर बैठकीला येतात. पुरुष शिक्षकानं पहिली मागायची असेल तर ही तयारी आधीच करून ठेवा, कोणी विचारायची वाट पाहू नका.

यूडायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीच्या, 2024-25 च्या आकड्यांत देशातल्या निम्म्याहून जास्त शिक्षक बायका आहेत, तरी आमच्याकडे गणित-विज्ञान आणि शिट्टी अजून सरांचीच समजल्या जाते. म्हणून मुलींनो, तुम्ही गणित घेऊन पास असाल तर अर्जात तो विषय ठळक लिहा. तोंडी सांगितलेलं मीटिंगपर्यंत विसरल्या जातं, अर्जाची पोच घ्या. आमच्या मॅडम आता आठवीला आहेत, या वर्षी शिष्यवृत्ती परीक्षेला आमच्या शाळेतून नऊ मुलं बसली, त्यात सहा मुली.