विमानाला किती वेळ लागेल? तोंडी हिशोब

दोन शहरांमधलं अंतर कळलं, तरी उड्डाणाला किती वेळ लागेल हे चटकन सांगता येत नाही. सोपा हिशोब असा: किलोमीटरला 800 ने भागा आणि उत्तरात अर्धा तास मिळवा. म्हणजे 2400 किलोमीटरला साडेतीन तास. वरचा अर्धा तास धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यासाठी.

अंतर रस्त्याचं नको, हवाई हवं. नकाशाच्या ॲपमध्ये अंतर मोजायची सोय असते, ती वापरा.

लांब पल्ल्याला वाऱ्याचा फरक पडतो. लंडन ते न्यूयॉर्क सुमारे 5550 किलोमीटर. पश्चिमेकडे जाताना साधारण 8 तास, परतताना 7. पश्चिमेला निघालात तर वेळ थोडा जास्तच धरा.

तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकी मात्र करू नका, त्या प्रत्येक शहराच्या स्थानिक वेळा असतात.