ऑक्टोबर छाटणीची फवारणी: भिजलेली पँट अंगावर वाळवू नका

कासेगाव, नान्नज, बार्शी सगळीकडं द्राक्षाच्या छाटण्या चालू झाल्यात, सांगोल्याकडं डाळिंबाचा हस्त बहार धरलाय, म्हणजे आता पंप पाठीवरनं उतरायचा नाही. डाऊनीवर (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) बोलणारे भरपूर आहेत, मी एकच सांगतो, फवारताना भिजलेले कपडे लगेच बदला.

दरवर्षी तेच बघतोय. पंपाचं झाकण गळतंय, पाठीपासून पँटपर्यंत सगळं ओलं, आणि गडी तसाच बांधावर बसून भाकरी खातो, त्याच हातानं मावा मळतो, संध्याकाळी त्याच कपड्यात लेकराला उचलून घेतो. औषध नाका-तोंडानंच जातं असं नाही, कातडीतून भरपूर जातं, जांघेतली कातडी तर हातापेक्षा कितीतरी पट जास्त शोषते, त्यात ऑक्टोबरचा घाम.

आणि चक्कर आली तरच विषबाधा असं समजू नका. फवारणी करणाऱ्यांचं रक्त तपासलं तेव्हा पेशीतला डीएनए तुटल्याच्या खुणा इतरांपेक्षा जास्त दिसल्यात. शरीर दुरुस्ती करत असतं, पण रोज नवीन तुटत राहिलं तर काही चुका तशाच राहतात आणि कॅन्सरची भीती तिथंच असते. मॅलाथिऑन या कीटकनाशकाला तर 2015 मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलंय.

एकाच टाकीतलं औषध एकाला लागतं, दुसऱ्याला काहीच होत नाही, हे सगळ्यांनी बघितलंय. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचं विष मोडणारं एन्झाइम पॉन-1 या जीनवरून बनतं आणि तो जीन सगळ्यांचा सारखा नसतो, तान्ह्या लेकरात तर ते एन्झाइम फारच कमी. म्हणून माझं मत, ज्याला एकदा औषध लागलं त्याला परत पंपावर घालूच नका, धाडस दाखवायची ही जागा नाही.

द्राक्षाच्या काडीवरच्या डोळ्यांना फुटीसाठी औषध लावणाऱ्या (पेस्टिंग करणाऱ्या) बायांना नायट्राइलचे (रबरासारखे) हातमोजे द्या, कापडी नको, कापड औषध धरून ठेवतं. हायड्रोजन सायनामाइड (हेच ते डोळे फुटायचं औषध) हाताळणाऱ्यानं आदल्या दिवशी आणि नंतर सात दिवस दारूला शिवायचं नाही, जिवावर बेततं. गरोदर बाईला या कामावर घेऊच नका.

दुकानदार चार बाटल्या एकत्र मारा म्हणतो, वर टॉनिक देतो. एवढ्या पैशात दोन जोडी जुने कपडे, हातमोजे, चष्मा आणि पंपाचं नवीन वायसर येतं, आधी ते घ्या.

बाकी नेहमीचं:
- मँकोझेब (बुरशीनाशक) 75 टक्के, 2 ग्रॅम प्रति लिटर, जास्त नाही
- फवारणी सकाळी लवकर, वाऱ्यानं कडुलिंबाचा शेंडा हलायला लागला की बंद
- नोझल तोंडानं फुंकायचं नाही
- कपडे वेगळे, दोनदा धुवायचे, विहिरीवर नाही
- घरात शिरायच्या आधी साबणानं आंघोळ

लाळ गळतेय, दरदरून घाम, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी झाली तर आधी कपडे काढा, अंग धुवा, 108 ला फोन लावा. आणि औषधाची बाटली लेबलसकट डॉक्टरकडं घेऊन जा, नाव कळलं की त्यांना नेमका उपचार करणं सोपं जातं.