गायझरच्या पाण्यावर गाव वसवताय? या चुका टाळा

कल्पित जग रचणाऱ्या नवोदितांच्या नकाशांत एक गाव हमखास सापडतं. मधोमध गायझर, म्हणजे जमिनीतून उकळतं पाणी मधूनमधून उंच उडवणारा नैसर्गिक झरा, भोवती घरं, आणि पाणी उडालं की बायका हंडे घेऊन धावतात. हंडे भरतात, प्रकरण संपतं, कुणाला साधी पोटदुखीही होत नाही.

पहिली चूक, ते पाणी थेट पिणं. "उकळतंच आहे, म्हणजे शुद्ध," हे उत्तर आता ऐकवत नाही. खोल तापलेल्या खडकांतून येताना हे पाणी सिलिका, मीठ, बोरॉन, फ्लोराइड आणि आर्सेनिक घेऊन येतं. उकळल्याने जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही. उलट पाणी आटेल तसं त्याचं प्रमाण वाढतं. त्याला ना चव, ना वास. चिलीतल्या अँतोफगास्ता शहराचं काय झालं ते पाहा. 1958 मध्ये या वाळवंटी शहराला अँडीजच्या ज्वालामुखी मुलखातल्या नद्यांचं पाणी मिळू लागलं. त्यात लिटरमागे 0.8 मिलिग्रॅमहून जास्त आर्सेनिक होतं. आजची जागतिक मर्यादा 0.01 आहे. 1970 मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झालं, तरी फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचे मृत्यू पुढची कित्येक दशकं जास्तच राहिले. तुमच्या गावातही आधी अंगावर डाग, तळहात-तळपायांवर घट्टे, आणि खरा आजार पुष्कळ वर्षांनी. गावकरी तोवर दोष देवीलाच देणार, आणि खरं कथानक इथेच आहे.

उपाय सोपा: पाणी ओढ्याचं किंवा पावसाचं, गायझरची फक्त उष्णता. गोड्या पाण्याचा झाकणबंद हंडा गरम डोहात गळ्यापर्यंत बुडवून ठेवायचा. हंडा झिलई दिलेल्या मातीचा बरा. गंधकाच्या वायूने तांबं काळं पडून झिजतं. आइसलंडमध्ये नेस्यावेलिरचं भूऔष्णिक केंद्रही थंड भूजल असंच वेगळं ठेवून तापवतं. न्यूझीलंडच्या फाकारेवारेवा गावात माओरी कुटुंबं वाफेवर अन्न शिजवतात, डोहाचं पाणी पाटाने नेऊन, निववून अंघोळ करतात.

अंघोळीचं पाणी न्यायला बंद नळ टाकणं. पाणी निवलं की सिलिका आतून थर धरते आणि नळ बुजतो. दगडी, उघडा, हात जाईल इतका रुंद पाट करा आणि छिन्नी घेऊन बसणारा माणूस नेमा. हे कंटाळवाणं काम टाळायला जादू आणणारे लेखक आळशी असतात, असं माझं मत.

घरोघरी विहीर खणणं. न्यूझीलंडच्या रोटोरुआ शहरात लोकांनी आणि हॉटेलांनी गरम पाण्यासाठी इतक्या विंधणी घेतल्या की गायझर मंदावले. 1986 मध्ये सरकारने पोहुतू गायझरच्या दीड किलोमीटरच्या आतल्या विंधणी बंद करायला लावल्या, तेव्हा कुठे ते हळूहळू सावरले. गावात पाटील असेल तर त्याला हा एक तरी वाद मिटवू द्या.

घड्याळासारखा गायझर. भूकंपाने वेळ बदलते. 1959 च्या भूकंपानंतर अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या ओल्ड फेथफुल गायझरचंही दोन उसळ्यांमधलं अंतर वाढलं.

गायझरच्या तोंडात दगड टाकणारी पोरं. गंमत नाही, पाण्याचा मार्ग बुजू शकतो.

ज्वालामुखी नसलेल्या मुलखात गायझर. तिथे वज्रेश्वरीसारखी गरम कुंडं दाखवा, तेवढं पुरे.

उंची विसरणं. चिलीतला एल तातिओ हा गायझरांचा मुलूख सुमारे 4,300 मीटरवर आहे. तिथे पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळतं. अशा गावात कडधान्य आदल्या रात्री भिजवा, झाकणावर दगड ठेवा, आणि पाहुण्यांना जेवायला उशिरा बोलवा.