मिश्रणाच्या गणितात आधी न बदलणारा घटक शोधावा

राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सीसॅट (आकलन, तर्क व अंकगणित तपासणाऱ्या) पेपरमध्ये ८० प्रश्नांसाठी दोन तास असतात. एका प्रश्नाच्या वाट्याला सरासरी दीड मिनिट येते आणि त्यातलाही बराचसा वेळ उतारे वाचण्यात जातो. त्यामुळे दूध-पाण्याचे उदाहरण दिसताच ‘क्ष’ मानून समीकरण मांडत बसण्यापेक्षा, या घडामोडीत कोणता घटक होता तेवढाच राहिला, हे आधी पाहावे.

समजा, ६० लिटर मिश्रणात दूध व पाणी यांचे गुणोत्तर ७ : ३ आहे आणि ते ३ : २ होण्यासाठी किती पाणी मिसळावे लागेल, असे विचारले आहे. एकूण १० भागांचे ६० लिटर, म्हणून एक भाग ६ लिटरचा. दूध ४२ लिटर आणि पाणी १८ लिटर. भर फक्त पाण्याची पडणार असल्यामुळे दूध शेवटीही ४२ लिटरच राहते, मात्र नव्या गुणोत्तरात त्याचे ३ भाग होतात. नवा एक भाग १४ लिटरचा झाला, तेव्हा पाणी २८ लिटर हवे. पर्यायांत २८ हा आकडा बहुधा असतोच आणि घाईत त्यावरच खूण केली जाते; पण विचारले आहे ते वाढवायचे पाणी, म्हणजे २८ − १८ = १० लिटर.

मिश्रण काढून घेण्याच्या प्रकारात चूक वेगळी होते. ३ : १ गुणोत्तराच्या ४० लिटर मिश्रणातून ८ लिटर काढून तितकेच पाणी घातले, तर अनेक जण ३० लिटर दुधातून थेट ८ वजा करतात आणि ११ : ९ या उत्तरावर पोहोचतात. वस्तुतः काढलेल्या ८ लिटरमध्येही दूध ६ आणि पाणी २ लिटर असते, कारण भांड्यातून काढल्याने गुणोत्तर बदलत नाही. उरलेल्या ३२ लिटरमध्ये दूध २४ व पाणी ८ लिटर. त्यात ८ लिटर पाणी पडले की २४ : १६, म्हणजेच ३ : २. हीच क्रिया पुन्हा करायची असेल, तर दर वेळी दुधाचा चार पंचमांश भाग उरतो एवढे धरून पुढे जावे. वेगळे सूत्र पाठ करण्याची गरज मला तरी कधी वाटलेली नाही.

किमतींच्या मिश्रणाला ॲलिगेशनची तिरपी वजाबाकी पुरते, म्हणजे प्रत्येक किमतीचा मधल्या किमतीशी असलेला फरक समोरच्या घटकाच्या वाट्याला लिहायचा. ४८ आणि ६० रुपये किलोचे तांदूळ मिसळून ५२ रुपये किलोचा तांदूळ करायचा असल्यास स्वस्त व महाग तांदळाचे गुणोत्तर (६० − ५२) : (५२ − ४८), म्हणजे २ : १ येते. ५२ ही किंमत ४८ च्या अधिक जवळ असल्यामुळे स्वस्त तांदूळच जास्त लागणार. उत्तर १ : २ आले असेल, तर वजाबाक्या तिरप्या लिहायच्या राहून गेल्या आहेत.