घरच्या घरी मध आणि फळांची वाइन (मीड): पहिला आठवडा सांभाळला की बाकी सोपं

"मध पाण्यात कालवा, मूठभर मनुका टाका, झाकण लावा आणि महिनाभर विसरून जा" हा सल्ला जिथे तिथे वाचायला मिळतो आणि दर वेळी डोकं फिरतं. मग लोक विचारत बसतात की बुडबुडे दहा दिवसांतच का थांबले, कुजक्या अंड्यासारखा वास का येतोय, चव औषधासारखी का लागतेय. मध आंबवणं अवघड नाहीये हो, पण पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटं द्यावी लागतात. विसरून जायचं ते त्यानंतर.

खालचं प्रमाण ५ लिटरचं आहे. घरी वाइन करायला कायद्याने परवानगी आहे का तेवढं आधी बघून घ्या. भांडी धुणं आणि सॅनिटाइझ करणं हे गृहीत धरतोय.

मध आणि पाणी

दीड किलो मध घ्या आणि पाणी घालून सगळं मिळून ५ लिटर करा. भांडं मात्र ७-८ लिटरचं हवं, फेस येतो. मध उकळू नका, उकळला की त्याचा सुगंध उडून जातो आणि तुम्ही पैसे त्या सुगंधाचेच दिलेले असतात. कोमट पाण्यात विरघळवा, जोरजोरात ढवळून हवा मिसळू द्या आणि हायड्रोमीटर (पाण्यापेक्षा द्रव किती जड, म्हणजे त्यात साखर किती, ते दाखवणारी तरंगती काचेची नळी) लावा. १.०८५ ते १.०९० च्या आसपास आकडा येईल, तो लिहून ठेवा. सगळी साखर आंबली तर यातून साधारण ११-१२ टक्के अल्कोहोल होतं. हायड्रोमीटर नसेल तर आधी तो घ्या मग मध घ्या, कारण एअरलॉकमधले (गॅस बाहेर सोडणारं पण हवा आत न येऊ देणारं झाकण) बुडबुडे बघून काहीही कळत नाही.

यीस्ट

फळांच्या मीडला मी ७१बी नावाचं वाइन यीस्ट वापरतो. फळातलं मॅलिक अ‍ॅसिड ते थोडं खातं त्यामुळे आंबटपणा गोलसर होतो, आणि त्याची खाण्याची मागणीही कमी असते. ५ ग्रॅमचं अख्खं पाकीट ३५-४० अंशांच्या पाण्यात १५-२० मिनिटं भिजवा. मग त्यात मधाचं पाणी थोडं थोडं घालून तापमान खाली आणा आणि मगच भांड्यात ओता. गरम यीस्ट एकदम थंड पाण्यात टाकलं तर बरंचसं मरतं. खोली १८ ते २२ अंश असली की उत्तम.

यीस्टला खायला घालणं (घाई करू नका, सगळं इथेच बिघडतं)

मलाही सुरुवातीला हाच टप्पा सगळ्यात जड गेला होता. द्राक्षाच्या रसात यीस्टला लागणारं बरंचसं सगळं असतं. मधात साखर भरपूर पण नायट्रोजन जवळजवळ नाहीच. नुसत्या साखरेवर यीस्ट उपाशी राहतं, मग ते गंधकाचा तो अंड्याचा वास सोडतं, जळजळीत अल्कोहोल बनवतं किंवा मध्येच थांबतं. मनुकांनी हे सुटत नाही! मूठभर मनुकांमधला नायट्रोजन नगण्य असतो, चवीला घालायच्या तर खुशाल घाला पण खाद्य म्हणून नाही.

फर्मेड-ओ सारखं सेंद्रिय न्यूट्रिएंट घ्या, ५ लिटरला एकूण ४ ते ५ ग्रॅम, आणि ते चार हप्त्यांत द्या: यीस्ट टाकल्यापासून २४ तासांनी, ४८ तासांनी, ७२ तासांनी, आणि शेवटचा हप्ता एक तृतीयांश साखर संपल्यावर, म्हणजे १.०९० ने सुरुवात केली असेल तर १.०६० ला. सात दिवस झाले आणि आकडा तिथवर आला नसेल तरी सातव्या दिवशी देऊन टाका. सगळं एकदम पहिल्या दिवशी ओतू नका, यीस्ट सुरुवातीला सुसाट सुटतं, गरम होतं आणि पुढे खायला काही उरत नाही. उशीरही करू नका. विशेषतः डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट, यीस्टचं रासायनिक खाद्य) वापरत असाल तर अल्कोहोल ९ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर यीस्ट ते घेऊच शकत नाही, ते तसंच उरतं आणि मीड खारट लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पावडर कधीही कोरडी टाकू नका. भांड्यात कार्बन डायऑक्साइड ठासून भरलेला असतो आणि पावडरचा प्रत्येक कण त्याला बाहेर पडायला जागा देतो, दोन सेकंदात फेस काठावरून ओट्यावर आणि तिथून जमिनीवर. आधी सॅनिटाइझ केलेल्या चमच्याने हळूच ढवळा, सूंऽ करून फेस वर येईल, थांबा, बसू द्या, परत ढवळा. तीन-चार वेळा केल्यावर फेस येणं कमी होतं, तेव्हा चमचाभर पाण्यात कालवलेलं न्यूट्रिएंट घाला. हे ढवळणं पहिल्या आठवड्यात रोज दोनदा करायचं, त्याने गॅस निघतो आणि तळाला बसलेलं यीस्ट परत वर येतं. एक तृतीयांशाचा टप्पा गेला की मात्र हवा आत घालवणं पूर्ण बंद, तिथून पुढे ऑक्सिजन चव बिघडवतो.

आणि सुरुवातीला लिंबू पिळू नका, कुणीही सांगितलं तरी. मधाचं पाणी मुळातच आम्लाला तोल धरत नाही, यीस्ट काम करायला लागलं की पीएच भराभर खाली येतो आणि ३ च्या खाली गेला की सगळं ठप्प. तसं झालं तर पोटॅशियम बायकार्बोनेट चिमूट-चिमूट घालत पीएच ३.२ च्या वर आणा. आंबटपणा हवाच असेल तर तो अगदी शेवटी, चव घेऊन.

फळ

आकडा १.०२० च्या खाली आला की घाला. पहिल्याच दिवशी घातलं तर त्या जोरदार गॅसबरोबर फळाचा वास निघून जातो. चेरी, प्लम, पीच, स्ट्रॉबेरी, जे हंगामात पिकलेलं आणि स्वस्त असेल ते किलोभर घ्या, बिया-कोयी काढा, फ्रीझरमध्ये गोठवा आणि परत वितळू द्या. बर्फाने पेशी फुटतात आणि रस आपोआप सुटतो. पेक्टिक एन्झाइम टाकलं तर पुढे गढूळपणा राहत नाही. फळ धुतलेल्या जाळीच्या पिशवीत बांधा आणि दिवसातून दोनदा खाली दाबा, वर कोरडं राहिलेलं फळ बुरशी धरतं. आठ-दहा दिवसांत रंग उतरलेला, पांढुरका लगदा दिसेल, तेव्हा पिशवी काढा पण पिळू नका.

गाळ सोडून वर काढणं

सायफनने काचेच्या बरणीत घ्या, गळ्यापर्यंत भरा, एअरलॉक लावा, अंधारात ठेवा. गाळ परत जमला की पुन्हा एकदा. आरपार दिसायला लागायला दोन-तीन महिने धरा.

बाटल्या

दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे तंतोतंत सारखे आले तरच भरायच्या. हायड्रोमीटर लावताना तो एकदा गोल फिरवा, बुडबुडे चिकटले की तो वर उचलला जातो आणि चुकीचा आकडा दाखवतो. साखर शिल्लक असताना भरलेली काचेची बाटली फुटते, आणि ती कुणाच्या हातातही फुटू शकते. गोड मीड हवी असेल तर आंबणं पूर्ण संपून स्वच्छ झाल्यावर यीस्ट परत सुरू होऊ नये म्हणून पोटॅशियम सॉर्बेट आणि मेटाबायसल्फाइट दोन्ही घाला, एकच घालून भागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी मध मिसळा. मग परत दोन आठवडे थांबून आकडा बघा. कॉर्क असेल तर बाटल्या आडव्या, स्क्रूचं झाकण असेल तर उभ्या ठेवा. तीन महिन्यांनी एक उघडून बघा, कडक लागली तर बाकीच्यांना अजून सहा महिने हात लावू नका.