एपिक फँटसी पहिल्यांदाच वाचताय? मग मतं आणि थिअऱ्या अशा लिहून ठेवा

आधी एक काम करा, पुस्तकाच्या शेवटची जी पानं असतात ना, वंशावळ्या, शब्दसूची, कालपट वगैरे, त्यांना एक रबरबँड लावून टाका. सिरियसली सांगतेय. हा अमुक कोण होता बरं म्हणून आपला हात आपोआप मागे जातो, नाव सापडतं, आणि नावाच्या शेजारी त्याच्या मरणाचं सालही छापलेलं असतं. टोल्किनच्या लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या परिशिष्टांत तर गोष्ट संपल्यावर कोणाचं लग्न कोणाशी झालं, कोण कधी गेलं इथपर्यंत सगळं दिलंय. जॉर्ज मार्टिनच्या सिरीजमध्ये (जिच्यावरून गेम ऑफ थ्रोन्स ही टीव्ही मालिका आली) मागे घराण्यांच्या याद्या असतात, पहिल्या भागाची यादी पहिला भाग वाचताना ठीक आहे, पण चुकून दुसऱ्या भागाची उघडलीत तर पहिल्यात कोण कोण गेलं ते फुकटात कळेल. नकाशा मात्र खुशाल बघा, तो सहसा पुढेच असतो.

आता वही. किंडलवर हायलाइट करून पण चालतं पण माझं मत विचाराल तर साधी वहीच बरी, कारण हायलाइटमध्ये लेखकाचं वाक्य राहतं, आपल्याला काय वाटलं ते राहत नाही आणि आपल्याला तेच तर हवंय.

प्रत्येक नव्या पात्रासाठी दोनच गोष्टी लिहा. मला काय वाटलं, आणि हे मला कोणी दाखवलं. दुसरी गोष्ट सगळे विसरतात आणि खरी मजा तिच्यातच आहे. म्हणजे असं बघा, माझ्या वहीत एकदा नोंद होती, "पान ४२, सेनापती. नालायक माणूस, डोळ्यात दया नाही." महिन्याभराने परत बघितलं तर लक्षात आलं की तो चॅप्टर होता धाकट्या राजपुत्राचा, ज्याला त्याच सेनापतीने दोन पानं आधी तलवारबाजीत सगळ्यांसमोर लोळवलं होतं. म्हणजे दया नाही हे मत माझं नव्हतंच, मार खाल्लेल्या सोळा वर्षांच्या पोराचं होतं आणि मी ते आपलं म्हणून उचललं होतं. सेनापतीने प्रत्यक्षात काय केलं होतं? पोराला हात देऊन उठवलं आणि म्हणाला, उद्या परत ये. बास.

आजकालच्या बऱ्याच फँटसी कादंबऱ्या अशा कोणाच्यातरी डोळ्यातून सांगितलेल्या असतात, ज्याला पीओव्ही म्हणतात. मार्टिनच्या १९९६ च्या पहिल्या भागात तर चॅप्टरला नावच त्या माणसाचं असतं, आणि प्रोलॉग (गोष्टीआधीचा छोटा चॅप्टर) सोडला तर असे आठच जण आहेत, एवढ्या मोठ्या पसाऱ्यात फक्त आठ जणांचे डोळे! बाकी सगळे आपल्याला या आठांकडून उसने मिळतात. त्याच सिरीजमध्ये एक माणूस आहे ज्याला दोन अख्खे भाग वाचक शिव्या घालतात, मग २००० साली आलेल्या तिसऱ्या भागात त्याला स्वतःचे चॅप्टर मिळतात आणि ज्या एका कृत्यावरून सगळे त्याला नावं ठेवत होते ते तो स्वतः सांगतो. नाव सांगत नाही, ज्यांनी वाचलंय ते आत्ता गालात हसत असतील. ज्यांनी वाचलं नाही त्यांनी तिथे पोचल्यावर वहीतलं पहिलं मत काढून बघा आणि तेव्हा ते मत तुम्हाला कोणी दिलं होतं तेही बघा.

म्हणून नोंद करताना "केलं" आणि "वाटलं" वेगळं ठेवा. खंजीर उचलला, हे केलं. कपटी हसला, हे कोणालातरी वाटलं. नुसतं "तो कपटी आहे" असं कोणी म्हटलं असेल तर ती अफवा, तिला निम्मे मार्क. आणि पात्र स्वतःबद्दल जे सांगतं त्याला निम्म्याहून कमी, कारण स्वतःची बाजू सगळेच गोड करून सांगतात.

चुकीच्या पहिल्या मताची लाज वाटत असेल तर एक किस्सा ऐका. लॉर्ड ऑफ द रिंग्जमध्ये ब्री गावच्या सराईत कोपऱ्यात एक अनोळखी माणूस बसलेला असतो, स्ट्रायडर. टोल्किनने १९५५ मध्ये कवी ऑडेनला लिहिलेल्या पत्रात कबूल केलंय की लिहिताना तो माणूस तिथे बसलेला बघून त्यालाच धक्का बसला होता आणि हा कोण आहे हे गोष्टीच्या नायकाइतकंच, म्हणजे फ्रोडोइतकंच, त्यालाही ठाऊक नव्हतं. सुरुवातीच्या कच्च्या खर्ड्यांमध्ये तर तो माणूसही नव्हता, लाकडी बूट घालणारा एक हॉबिट (टोल्किनच्या जगातला बुटका माणूस) होता, नाव ट्रॉटर! खुद्द लेखकाची ही गत, तर पान १५० ला आपली काय कथा.

नावांचा गोंधळ हा वेगळा वैताग. सॉरॉन आणि सारुमान, एकाच गोष्टीत, दोघंही वाईट, मी पहिल्या वेळी बराच काळ दोघांना एकच समजत होते आणि मला वाटत होतं की लेखक मुद्दाम दोन स्पेलिंग करतोय. उपाय सोपा आहे, नावाऐवजी टोपणनाव लिहा, ज्याने तुम्हाला तो माणूस आठवतो ते. "लंगडा जादूगार", "सारखी बांगडी फिरवणारी", "घोड्यावर जास्त प्रेम असलेला काका". आणि एकाच माणसाची चार नावं असतील तर चारही एका पानावर आणा. याची आपल्याला खरंतर सवय असायला हवी, महाभारतात अर्जुनाला पार्थ, धनंजय, सव्यसाची काय काय म्हणतात आणि आपण कुठे अडखळतो? फरक इतकाच की ते कानावरून गेलेलं असतं. इथे लॉर्ड ऑफ द रिंग्जमधल्या गॅन्डाल्फ या जादूगाराला एल्फ लोक मिथ्रांदिर म्हणतात हे आपणच टिपून घ्यावं लागतं. कोण कोणत्या नावाने हाक मारतं तेही लिहा, बापाचं नाव घेऊन हाक मारणारा आणि पदवीने हाक मारणारा यांच्या मनात त्या माणसाची जागा वेगळी असते.

ऑडिओबुक ऐकणाऱ्यांनी जसं ऐकू येतं तसं लिहावं, स्पेलिंग गेलं खड्ड्यात. फक्त स्पेलिंग शोधायला गूगल करू नका!! नाव अर्धं टाइप केलं की खाली आपोआप सुचवण्या येतात, आणि त्यातली एक कायम "कसा मेला" अशीच असते. माझी अशी दोन पात्रं गेली.

आता थिअरी. मत आणि थिअरी यात लोक घोळ घालतात. "मला हा आवडत नाही" हे मत. "हाच राजाला विष देतोय" ही थिअरी. थिअरी लिहिताना तीन ओळी पाहिजेतच, माझा दावा काय, पुरावा कुठल्या पानावर, आणि काय घडलं तर मी ही थिअरी सोडून देईन. तिसरी ओळ लिहायला जीवावर येतं पण ती नसेल तर मग प्रत्येक नवी गोष्ट आपण आपल्याच थिअरीत कोंबत बसतो, राजा आजारी पडला, बघा विष, राजा बरा झाला, बघा संशय येऊ नये म्हणून डोस कमी केला. असं झालं की तुम्ही वाचत नाही आहात, वकिली करताय.

पुरावा कुठे शोधायचा? माझ्या अनुभवाने असं, जी वस्तू काही कारण नसताना तिसऱ्यांदा उल्लेखली जाते तिच्याखाली रेघ मारा. ज्याचं प्रेत कोणी बघितलं नाही तो मेला असं लिहू नका, "म्हणे मेला" असं लिहा. मोठ्या प्रसंगात कोण हजर नव्हतं ते बघा, हे फार कमी लोक करतात. चॅप्टरच्या डोक्यावर तिरप्या अक्षरात काही उतारे असतील तर ते सोडून पुढे पळू नका, ब्रँडन सँडरसनच्या २००६ च्या मिस्टबॉर्नमध्ये प्रत्येक चॅप्टरवर कोणाच्यातरी रोजनिशीतला तुकडा आहे आणि त्याकडे लक्ष दिलं तर गोष्ट वेगळीच दिसायला लागते. प्रोलॉगचंही तसंच, पहिल्यांदा काही म्हणजे काही कळत नाही, न कळता पुढे जा, पण पाव पुस्तक झालं की परत येऊन वाचा, दहा मिनिटांचं काम आहे.

भविष्यवाणीबद्दल एक सूचना. ती शब्दशः उतरवून घ्या, आपल्या शब्दात नाही. "चंद्राचा पुत्र सिंहासन मोडेल" असं असेल तर आपण वहीत लिहितो "राजपुत्र राजाला मारणार" आणि मग तीन भाग त्याच रस्त्याने जातो. मोडेल म्हटलंय, मारेल नाही. पुत्र म्हटलंय, कोणाचा ते कुठे सांगितलंय? आणि ही भविष्यवाणी आपल्याला ऐकवली कोणी, त्या माणसाला राजा नकोसा होता का? परत तेच, डोळे कोणाचे.

नीट जमवलेली थिअरी किती लांब नेऊ शकते याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे गेम ऑफ थ्रोन्सची मालिका करू पाहणारे दोघं मार्टिनला भेटायला गेले तेव्हा त्याने त्यांना गोष्टीतल्या एका मुख्य पात्राबद्दल विचारलं, जॉन स्नोची आई कोण? तोपर्यंत आलेल्या एकाही पुस्तकात ते स्पष्ट सांगितलेलं नव्हतं, त्या दोघांनी वाचून जो अंदाज बांधला होता तो सांगितला, उत्तर त्याला पटलं आणि मालिका त्यांना मिळाली, २०११ मध्ये टीव्हीवर आली. त्या प्रश्नाचा अंदाज वाचकांनी नव्वदच्या दशकातच बांधला होता बरं का, पहिल्याच भागातल्या धाग्यांवरून.

उलट उदाहरण पण आहे. रॉबर्ट जॉर्डनच्या व्हील ऑफ टाइममध्ये, १९९३ च्या पाचव्या भागात एक खून होतो, मारेकऱ्याचं नाव नाही. लेखकाचं म्हणणं की समजण्यासारखं आहे, वाचकांचं म्हणणं की कुठे आहे. वर्षानुवर्षं भांडणं. २००७ मध्ये लेखक गेला, उरलेली सिरीज त्याच्या टिपणांवरून सँडरसनने पूर्ण केली, आणि उत्तर कुठे मिळालं तर २०१० च्या तेराव्या भागाच्या मागच्या शब्दसूचीत! सतरा वर्षं थांबून उत्तर शब्दसूचीत. (हो, तीच शब्दसूची जिला मी रबरबँड लावायला सांगितलं. भाग संपल्यावर काढा.)

आणि कधीकधी थिअरी बरोबर असते पण लेखकच बदलतो. मार्टिन स्वतःला माळी म्हणवतो, बी पेरायचं आणि काय उगवतं ते बघायचं. १९९३ मध्ये त्याने तीन पुस्तकांचा आराखडा केला होता, २०११ पर्यंत पाच झाली आणि गोष्ट अजून संपलेली नाही, आणि त्या आराखड्यातलं बरंचसं तसं घडलंच नाही. म्हणून थिअरी चुकली की लगेच खोडू नका, शेजारी वेगळ्या रंगाने लिहा कुठे आणि कशामुळे चुकली.

नोंदी कधी करायच्या याचं फार टाइमटेबल नको. प्रोलॉगनंतर, साधारण अर्ध्यावर, आणि शेवटची शंभर पानं उरली की पुस्तक बंद करून एकदा नीट, कोण जगणार, कोण फिरणार, कोणावर अजिबात विश्वास नाही. ही शेवटची नोंद करायला मन होत नाही कारण हात पुढे पळत असतो, पण नंतर वाचायला तीच सगळ्यात भारी लागते.

ज्याने पुस्तक आधी वाचलंय अशा मित्रासोबत वाचत असाल तर त्याच्याशी आधीच ठरवा की थिअरी ऐकून तो एकच वाक्य बोलेल, बरोबर असो की चूक, "वाच पुढे". जॉर्डन पण वाचकांच्या प्रश्नांना हेच उत्तर द्यायचा, वाचा म्हणजे कळेल. कारण मित्र "हम्म इंटरेस्टिंग" म्हणाला की संपलं, आणि "असं का वाटलं तुला?" म्हणाला तर अजूनच संपलं. माझी एक मैत्रीण तर थिअरी बरोबर असली की पाणी प्यायला उठते, तिला स्वतःला हे माहीत नाही, आणि मी तिला सांगणार पण नाही. थिअऱ्या हल्ली मेसेज करूनच पाठवते.

बाकी माझ्या वहीच्या पहिल्याच पानावर एक थिअरी आहे, एका नऊ भागांच्या सिरीजबद्दल, की गावातला तो म्हातारा खानावळवाला हाच हरवलेला राजा. पुरावे तीन आहेत, त्यातला एक म्हणजे तो भांडी फार तोऱ्यात पुसतो. सोडायची अट पण लिहिली आहे, तो मेला आणि कोणी रडलं नाही तर. आत्ता सातव्या भागात आहे, अजून जिवंत आहे आणि अजून भांडीच पुसतोय.